नोव्हेंबरचा तिसरा रविवार

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ, साताऱ्याकडून उतारावरून आलेल्या एका मालवाहू गाडीने पुढची वाहनं एकामागून एक ठोकरली. नुकसान झालेल्या गाड्यांचा आकडा ४८ वर गेला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत चेपलेल्या गाड्यांची रांगच रांग होती. एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नसावी. तो नोव्हेंबरचा तिसरा रविवार होता, आणि रस्त्यावर मृत्युमुखी पडलेल्यांचा स्मृतिदिन म्हणून जगभर हाच दिवस पाळला जातो.

तीन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२५ ला, स्मृतिदिन तीन दिवसांवर आलेला असताना त्याच उतारावर एका कंटेनरने पुन्हा गाड्यांना धडक दिली. आग लागली. आठ जण गेले.

एकाच जागी असं वारंवार घडतं, तेव्हा ‘दैव’ म्हणून हात जोडून गप्प बसणं मला मान्य होत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. घाट संपला, शहर आलं, असं वाटून चालक सैल पडतो, पण उतार अजून बाकी असतो. डिझेल वाचवायचं म्हणून काही जण गाडी न्यूट्रलला सोडतात, काही तर इंजिनच बंद करतात. २०२२ च्या त्या घटनेतही चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असंच तपासात पुढे आलं.

असं केल्यावर गाडीत काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. जड वाहनाचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनवर फिरणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरत राहतो आणि पायाखालचा पॅडल दाबला की त्या हवेच्या जोरावर ब्रेक लागतो. इंजिन बंद, म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीत उरलेली हवा दर पॅडलला कमी होत जाते आणि थोड्याच वेळात ‘एअर संपतो’. स्टिअरिंगही जड होतं. इंजिन चालू ठेवून नुसतं न्यूट्रल केलं, तरी गिअरचा अटकाव जातो. मग वीस-तीस टनांचं सगळं ओझं एकट्या ब्रेकवर येतं, ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. जुने ट्रकवाले नव्या पोराला हाताशी घेताना पहिली गोष्ट हीच शिकवायचे की ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. ते शिक्षण आता कुणी देत नाही. परवाना निघतो, गाडी हातात येते आणि पहिला घाट एकट्यानेच उतरायचा असतो. वर मालकाने डिझेलचा हिशेब लिटरवर बांधून दिलेला असतो. इतकं सारं माहीत असताना ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांवर फाइल बंद होते, हे मला गेलेल्या माणसांच्या बाबतीत फार अन्यायाचं वाटतं.

हा स्मृतिदिन सुरू झाला तो एका आईमुळे. ब्रिगिट चौधरी यांचा मुलगा १९९० मध्ये इंग्लंडमध्ये गेला. एका चालकाने लाल दिवा तोडला होता. पोटचं पोर असं गेल्यावर विचारपूस करणारं, कोर्टकचेरीत बरोबर उभं राहणारं कुणी नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. १९९२ मध्ये त्यांनी ‘रोडपीस’ ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी हा दिवस पाळायला सुरुवात झाली. २६ ऑक्टोबर २००५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याला मान्यता दिली. आपल्याकडे तो अजून फारसा कुणाला माहीत नाही. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात फलक लागतात, शाळकरी मुलांची फेरी निघते, चौकात गुलाबाची फुलं वाटली जातात. गेलेल्यांचं नाव मात्र त्यात कुठेच नसतं.

नावं घ्यायची म्हटली तर यादी मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली. म्हणजे तासाला १९. त्यांतली दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची, घर चालवणारी. महाराष्ट्राचा वाटा १५ हजार २२४. रोजचे जवळपास ४२. रोज एक एसटी सगळी सीटं भरून निघावी आणि पोचूच नये, तसं हे आहे. एसटी दरीत कोसळली तर मुख्यमंत्री धावून जातात, पण हेच ४२ जण कुणी तुळजापूर रोडला, कुणी सिन्नरच्या बायपासला, कुणी वैभववाडीच्या वळणावर असे एकेकटे जातात आणि जिल्हा पानावर चार ओळींत मिटतात. मरणारांत सगळ्यांत जास्त दुचाकीवरचे, शंभरातले ४४. त्यांच्यामागोमाग पायी चालणारे.

मराठी माणसाला या मृत्यूंची आठवण रंगभूमीच्या वाटेने जास्त येते. नाटकाचा धंदाच रात्रीच्या प्रवासाचा. प्रयोग संपवायचा, मेकअप उतरवायचा, गाडीत बसायचं आणि पहाटे दुसऱ्या गावी पोचायचं. १२ फेब्रुवारी २००१ ला भक्ती बर्वे वाईहून मुंबईला परत येत होत्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांची गाडी कोसळली आणि ‘ती फुलराणी’तली मंजुळा तिथेच संपली. २३ डिसेंबर २०१२ ला त्याच मार्गावर अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. अक्षयचा दोन वर्षांचा मुलगाही गेला. त्यांची गाडी आपल्या मार्गिकेत नीट चालली होती. समोरच्या बाजूचा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्यावर येऊन आदळला.

दुभाजक ओलांडून येता आलं, हे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताशी ऐंशी-शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाड्यांच्या दोन प्रवाहांमध्ये तेव्हा बऱ्याच ठिकाणी नुसतं गवत आणि झुडपं होती. टेम्पोवाल्याची चूक असेल, टायर फुटला असेल, डोळा लागला असेल. रस्ता नीट बांधलेला असता तर ती चूक त्याच्या बाजूलाच अडली असती. अक्षयच्या भावाने या मार्गाच्या सुरक्षेचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं लावून धरला. मधल्या पट्ट्यात तारदोरांचे अडथळे बसले, त्यामागे अशा अनेकांचा पाठपुरावा आहे. २०१६ मध्ये ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’, रस्ते विकास महामंडळ आणि सरकार यांनी मिळून हा मार्ग शून्य मृत्यूचा करायचं ठरवलं. त्यांनी जे केलं ते भाषणबाजीचं काम नव्हतं. कोणता खांब उघडा आहे, कुठे कठड्याचं टोक भाल्यासारखं गाड्यांकडे तोंड करून आहे, कुठे ट्रक उभे राहतात, कुठल्या किलोमीटरला रुग्णवाहिकेला उशीर होतो, हे मार्गावर चालून टिपलं आणि एकेक गोष्ट दुरुस्त करायला घेतली. २०१६ मध्ये तिथे १५१ माणसं मेली होती. पुढच्या वर्षी १०५. शून्य अजून लांब आहे, पण त्या एका वर्षात ४६ घरांतली चूल पेटती राहिली. ती घरं कोणती, हे त्यांनाही कधी कळणार नाही.

स्वीडनने १९९७ मध्ये हेच तत्त्व कायद्यात आणलं. माणूस चुकणार हे धरून चालायचं आणि त्या चुकीची शिक्षा मरण असू नये असा रस्ता बांधायचा. आपल्याकडे उलट चालतं. आधी रस्ता गुळगुळीत करून वेग वाढवून द्यायचा आणि माणसं मेली की चालकाला बेजबाबदार म्हणायचं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण आतच जळाले. बहुतेकांची ओळखसुद्धा पटेना. बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. कुठली राख आपल्या माणसाची, हे न कळता माणसं घरी परतली. यापेक्षा मोठी परवड दुसरी नसेल.

रस्त्याला दोष दिला म्हणून गाडीत बसणारा मोकळा होत नाही. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रीय मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडाच झाला होता. बीडला सत्काराची तयारी चालली होती. शहरातल्या चौकात दुसऱ्या गाडीने धडक दिली, गाडीचं नुकसान पाहिलं तर एवढ्यात माणूस जाईल असं वाटणार नाही. मुंडे मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पट्टा असता तर ते वाचले असते असं उघड सांगितलं. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. पुढे बसलेले दोघं पट्ट्यामुळे वाचले, मागचे दोघं पट्ट्यावाचून गेले. एकच गाडी, एकच धडक. याहून स्पष्ट पुरावा कुणाला हवा आहे?

तरीही भाड्याच्या गाडीत मागे बसून पट्टा शोधायला जावं, तर त्याचं बक्कल सीटच्या खाली दाबलेलं सापडतं. वर कव्हर शिवलेलं असतं. चालक म्हणतो, “मागच्याला काय गरज आहे साहेब?” गरज अशी आहे की ऐंशीच्या वेगातली गाडी थांबते, आतलं शरीर थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढच्या सीटवर जाऊन आदळतं, आणि पुढे आई बसलेली असेल तर तिच्यावर आदळतं. कायद्याने मागच्या पट्ट्यासाठीही एक हजार रुपये दंड आहे. पण मुलांना घेऊन प्रवासाला निघताना दंडाचा विचार कशाला मनात यावा?

हेल्मेटबद्दल तर आमच्या पुण्याने जे केलं त्याचं मला खरंच दुःख आहे. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढण्यात या शहराची बुद्धी आणि वेळ खर्ची पडला. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५० हजार २९ दुचाकीस्वार मेले. त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागे बसलेली म्हणजे बहुतेक वेळा बायको, बहीण, आई. साडी सावरत एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल आणि हातात पिशवी. घरात दोन हेल्मेटं असली तरी दुसरं कपाटावर असतं. आणि डोक्यावर असलं तरी हनुवटीखालचा पट्टा लावलेला नसेल, तर पडताना डोकं टेकायच्या आधी हेल्मेट निघून जातं.

माणूस गेल्यावर त्याचा हिशेब जिथे होतो ती जागा म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. ज्यांच्या घरी असा मृत्यू झाला आहे त्यांना ही जागा पाठ असते. हिशेब कसा होतो, हे इतरांनीही एकदा पाहावं. तीस वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा असलेला माणूस, महिना वीस हजार मिळवणारा. वर्षाचे २ लाख ४० हजार. पुढे कमाई वाढली असती, म्हणून चाळीस टक्के धरायचे, की झाले ३ लाख ३६ हजार. मागे बायको, दोन मुलं आणि आई. चौघं अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा. उरले २ लाख ५२ हजार. तिसाव्या वर्षासाठी गुणक सतरा. एकूण ४२ लाख ८४ हजार. त्यावर अंत्यसंस्कार, मालमत्तेचं नुकसान आणि जोडीदाराच्या वियोगाच्या ठरावीक रकमा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत ही रीत घालून दिली. ती चांगलीच आहे, कारण त्याआधी प्रत्येक कोर्टाचा आकडा वेगळा असायचा. पण वीस हजार मिळत होते याचा कागद लागतो. भाजीच्या गाडीवाल्याकडे, गवंड्याकडे, शेतमजुराकडे तो कुठून येणार? मग किमान वेतनाच्या आसपास काहीतरी धरलं जातं आणि पुढचं सगळं गणित खाली येतं. घरात राबणाऱ्या बाईच्या कामाची किंमत धरायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्येही पुन्हा बजावून सांगावं लागलं.

दाव्यासाठी फेऱ्या मारणाऱ्या बायकांशी बोलताना एक तक्रार हटकून ऐकू येते. “गाडीचा नंबर कुणीतरी पाहिला असेल, पण साक्षीला कोण येणार?” लोक पुढे येत नाहीत याला भीती कारणीभूत आहे, आणि ती भीती निराधार नव्हती. दवाखान्यात नेलं तर अनामत मागायचे, पोलीस चौकीवर बसवून ठेवायचे. पीयूष तिवारी यांच्या नात्यातला कोवळा भाऊ २००७ मध्ये असाच रस्त्यात मदतीवाचून गेला. त्यांनी ‘सेव्हलाइफ’ काढली, याचिका केली, आणि ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम बंधनकारक ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला उचलणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. साक्षीदार होण्याची सक्ती नाही. त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत. २०२५ पासून जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता करण्याची योजनाही आहे. हे धाब्यावरच्या पोऱ्याला, टपरीवाल्याला, पंक्चर काढणाऱ्याला माहीत असायला हवं, कारण १०८ ची रुग्णवाहिका यायच्या आधी धावतात ते हेच लोक. पहिल्या तासात रक्त थांबलं आणि श्वास चालू राहिला तर माणूस राहतो. रस्त्याकडेच्या प्रत्येक धाब्यावर दरपत्रकाशेजारी या चार ओळी लावायला कितीसा खर्च येईल?

हा स्मृतिदिन दिवाळीच्या आगेमागे येतो, आणि आपल्या भागात रस्त्यांवर सगळ्यांत जास्त गर्दीही तेव्हाच होते. भाऊबीजेला निघालेली कुटुंबं, परतीच्या खासगी बसेस, आणि कार्तिकीसाठी पंढरपूरला पायी निघालेल्या दिंड्या. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यातल्या जुनोनीजवळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या जठारवाडीची दिंडी चालली होती. मागून आलेली मोटार दिंडीत घुसली आणि सात वारकरी गेले. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर डांबरी रस्त्याच्या कडेने चालणारी माणसं मागच्या चालकाला फार उशिरा दिसतात. ताशी ऐंशीला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. दिंडीच्या शेवटी चालणाऱ्या दोघांनी चमकणारे पट्टे असलेलं जाकीट घातलं आणि मागे एक लुकलुकणारा दिवा धरला, तर चालकाला ते काही सेकंद मिळतात. दिंडीप्रमुखांनी शिधा आणि तंबूच्या यादीत हेही लिहावं.

त्याच सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि रस्त्यावर ऊस येतो. गेल्या हंगामात एका साखर कारखान्याच्या आवारात वजनकाट्यासमोर उभं राहून मी ट्रॉल्यांची मागची बाजू बघत होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ऊस फाळक्याच्या वर, बाहेर, बाजूला हातभर आलेला. रिफ्लेक्टरची पट्टी होती, नाही असं नाही, पण ती फाळक्याच्या खालच्या कडेला मारलेली. वरून उसाची टोकं आणि पाचट लोंबत होतं. पट्टीवर शेतातला चिखल सुकलेला. दिव्याची वायर तुटून लटकत होती. चालक तरुण पोरगा, रात्रभर रांगेत जागलेला. “लावून देतात कारखान्यावर,” तो म्हणाला, “पण ऊस भरला की झाकूनच जातंय. पुसायला कोण उतरतंय?” वाटेत पंक्चर झालं तर काय करता, असं विचारलं. चाकाला दगड लावतो, झाडाची फांदी ठेवतो, म्हणाला. आणि निघताना दगड? त्यावर तो गप्प बसला. हे दगड तसेच रस्त्यात राहतात आणि पहाटे कामावर निघालेल्या दुचाकीवाल्याच्या चाकाखाली येतात, हे ऊसपट्ट्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समोरून ट्रकचा डोळे दिपवणारा उजेड येत असताना अंधारात उभी असलेली अशी ट्रॉली दिसतच नाही. तिला मागून जाऊन धडकलेल्यांची बातमी हंगामात कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येतेच.

यावर उपाय करायला ना दिल्लीचा निधी लागतो ना नवा कायदा. पट्टी फाळक्यावर न मारता, ट्रॉलीच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांना उसाच्या बाहेर येतील अशा सळयांवर मारायची. प्रत्येक ट्रॉली काट्यावर थांबतेच. भरलेली येताना आणि रिकामी जाताना अशी दोनदा. तिथे एक माणूस फडकं आणि बॅटरी घेऊन उभा केला, तर पट्टी पुसली जाईल, दिवा लागतो का ते कळेल, आणि दिवा नसलेली ट्रॉली अंधार पडल्यावर आवाराबाहेर सोडायची नाही, हेही पाळता येईल. वाहतूक करारात ही अट घालणं आणि रस्त्यात दगड सोडणाऱ्याच्या बिलातून पैसे कापणं, दोन्ही संचालक मंडळाच्या एका ठरावाने होतं. सहकारी कारखाना असेल तर ज्याच्या शेतातून ऊस निघतो तो सभासदच असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाचा दर, साखरेचा वाटा, कामगारांचा बोनस यांवर माईक हिसकावून बोललं जातं. तिथेच एखाद्या सभासदाने उठून विचारावं, की मागच्या हंगामात आपल्या ट्रॉल्यांना धडकून किती जण गेले, त्यांची नावं अहवालात का नाहीत, आणि या हंगामाआधी किती ट्रॉल्यांचे दिवे तपासले.